जुनं आणि शिळं

इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक आज वाचण्यासारखे आहेत का, असा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘त्या काळाच्या मानाने चांगलं होतं.’ एवढ्यावर वाद मिटतो. मला तो मिटणंच खुपतं, कारण पुस्तक न उघडताच निकाल देण्याची ही सोय आहे.

बाकीच्या मतांवर वेळ घालवत नाही. लहानपणीच्या आठवणींसाठी अंक उराशी धरणारे वाचनाबद्दल बोलतच नसतात; आणि गोऱ्या नायकाची गोष्ट म्हणून सगळा गठ्ठा रद्दीत घाला म्हणणाऱ्यांनी बहुधा मुखपृष्ठापुढे पान उलटलेलं नसतं.

मालिकेचा इतिहास माहीत असलेलाच आहे. टाइम्स समूहाने ती मार्च १९६४ मध्ये सुरू केली, १९९० मध्ये ती थांबली. ली फॉकचा १९३६ सालचा फँटम आपल्याकडे वेताळ झाला. पण एक बारीक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. भारतीय आवृत्तीत वेताळाच्या देशाचं, म्हणजे बेंगालाचं, डेंकाली केलं गेलं, सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले. म्हणजे वाचकाला काय बोचेल, याचं भान तेव्हाच्या संपादकांना होतं. चाच्याला आपल्यातलं आडनाव असणं त्यांना खटकलं. त्याच पानांवरची जंगलातली माणसं गप्प उभी आहेत, हे खटकलं नाही. मग ‘त्या काळी कुणाला कळत नव्हतं’ हे कसं म्हणायचं? कळत होतं, पण निवडून कळत होतं.

आणि ‘तो काळ’ म्हणजे नेमका कुणाचा? मी लोणखेड्यात बसून हे लिहितो आहे. शेजारच्या शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर हातून गेलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा हिशेब मागत होते. त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी ‘आप की जय’ म्हणत आदिवासींना दारूपासून दूर केलं, एकत्र बसायला शिकवलं. वेताळाचे अंक घरोघर वाचले जात होते, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याची माणसं कुणा बुरखेधारी रक्षकाची वाट पाहत बसली नव्हती. मापच लावायचं तर त्यांचं का नको? काळाच्या मानाने मोजणारा माणूस त्या काळातली सगळ्यात आंधळी नजर उचलतो आणि तिलाच काळ म्हणतो. ही क्षमा त्या काळाला मिळत नाही, आपल्या आळसाला मिळते.

गेल्या वर्षी धडगावकडचा एक विद्यार्थी माझ्याकडचे अंक चाळत होता. कागद तांबूस पडलेला, पिना गंजलेल्या. ढोलाच्या एका चित्रावर तो थांबला. काठी गावच्या होळीत गावोगावचे ढोल रात्रभर वाजतात, तो त्या आवाजात वाढलेला. म्हणाला, “सर, हे ढोल कुणासाठी वाजवतात? यांना स्वतःचा सण नाही का?” मी पुन्हा पाहिलं. खरंच, त्या ढोलांना काम एकच: वेताळाला निरोप पोचवायचा.

तरीही मी हे अंक टाकून द्या म्हणणार नाही. आमच्याकडे दादर ज्वारी कोठीत घालतात, ती नीट ठेवली तर जुनी होते. तिचीच भाकरी एका रात्रीत शिळी होते. दाणा एकच. जुनं आणि शिळं यांत फरक वयाचा नसतो. जुनं तसंच खाता येतं, शिळ्याला फोडणी द्यावी लागते. ‘त्या काळाच्या मानाने’ ही ती फोडणी.

म्हणून प्रश्न मालिकेला विचारायचा नसतो, अंकाला विचारायचा असतो, कधीकधी पानालाही. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, जगाला वाटतं हा अमर आहे. एकविसावा वेताळ कवटीच्या गुहेत पूर्वजांच्या नोंदवह्यांशेजारी आपली वही लिहितो. या कल्पनेला कसलीही सबब लागत नाही. ती जुनी आहे. मुके ढोलवाले शिळे आहेत. फॉकनेच पुढे लामांडा लुआगा हा वेताळाच्या देशातला कृष्णवर्णीय डॉक्टर निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष केला, आणि त्या देशाला स्वतःचा आवाज आला. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला: दरोडेखोराचा मुलगा, कुडता आणि जीन्स घातलेला, लोकांनाच उभं करून नागरिक सुरक्षा दल बांधणारा. हेही सबबीशिवाय वाचता येतं.

ढोलाच्या पानावर थांबलेल्या त्या मुलाला मी काळाचं कारण सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. म्हटलं, तुझं बरोबर आहे. आणि गठ्ठ्यातून लुआगाचा अंक काढून त्याच्या हातात दिला.