रंगाखालचं लोखंड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

या गुरुवारच्या चिंतनाची सेवा आम्हा दोघा भावांकडे आली आहे. ग्रंथातलं सांगण्याइतका आमचा अधिकार नाही. घरच्या पडवीत जे शिकलो, तेच सद्गुरूंच्या चरणी ठेवतो.

आबांची जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. आबा गेल्यावर तीन वर्षं ती बेळगावच्या घरी पडवीत उभी होती. त्याच घरात आम्ही दोन चुली मांडून राहत होतो. आबांच्या आजारपणाच्या खर्चावरून आमचं बोलणं बंद झालं होतं. गुरुवारी बैठकीला मात्र शेजारी बसायचो, आरतीच्या तबकाला दोघं मिळून हात लावायचो. लोक म्हणायचे, राम-लक्ष्मणाची जोडी. आम्ही ऐकून घ्यायचो.

शेवटी आई म्हणाली, “एक तर दोघं मिळून गाडी चालू करा, नाहीतर भंगारात घाला.”

सांगाडा रंगवून आणला. आरशासारखा चकाकत होता. मग वायरिंग काढलं. जुन्या वायरींचं वेष्टन कडक होऊन तडकलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं. एकेका वायरीला चिठ्ठी बांधून नवी वायर घातली. गाडी ६ व्होल्टची. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, तर ६ व्होल्टवर जवळजवळ ६. म्हणून हेडलाईटला जाड वायर वापरली. फ्यूज नवा टाकला, बॅटरी सगळ्यात शेवटी जोडली.

तरी हेडलाईट मिणमिणताच. ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळायचा सोडून आणखी मंद व्हायचा. तीन वर्षांनी आम्ही एकमेकांशी पहिलं वाक्य बोललो ते हेच : “तूच चुकीची वायर जोडलीस!”

गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी एक सुटी वायर घेतली, एक टोक दिव्याच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावलं. दिवा लख्ख पेटला. ते हसून म्हणाले, “वायरी सगळ्या बरोबर आहेत. अर्थ लागलेला नाही, बघा की.”

अशा गाडीत वीज वायरीतून दिव्याकडे जाते, पण परत येते ती सांगाड्याच्या लोखंडातून. परतीची वाट मोकळी नसेल, तर वायर कितीही चांगली असो, दिवा पेटत नाही. आमच्या बोल्टच्या आणि लोखंडाच्या मध्ये नवा कोरा रंग बसला होता. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून लोखंड उघडं केलं, जोड घट्ट आवळला आणि गंज धरू नये म्हणून वरून व्हॅसलीन लावलं. बाकीच्या रंगाला हातही लावला नाही.

माऊलींनो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. राम-लक्ष्मणाची जोडी हा आमचा रंग होता. रंग वाईट नसतो, तो लोखंडाला जपतो. पण जिथे माणूस माणसाला जोडला जातो, तिथे तो मध्ये आला की वाट बंद होते. आमचं नाम चालू होतं, आरती चालू होती, अन्नदानाची पावती फाटत होती. इकडून सगळं जात होतं. परत येण्याची वाट मात्र आम्हीच बुजवली होती. म्हणून जपाला बसलं तरी आत मिणमिणतंच वाटायचं. आणि दोष आम्ही समोरच्याच्या वायरीला देत होतो.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने दवाखान्याची बिलं आणली, धाकट्याने त्याची वही आणली. आईसमोर बसलो. घासताना खरवडतंच. दोघांनाही लागलं, दोघांचंही काही काही चुकलेलं निघालं. हिशेब अजून पुरता मिटलेला नाही, चुलीही अजून दोन आहेत. पण आता निरोप आईमार्फत जात नाहीत.

या सप्ताहाचा नेम एवढाच धरू या. घरातलं एक नातं निवडायचं आणि रुपयाएवढी जागा घासायची. सगळा रंग खरवडायला जाऊ नका. एक खरं वाक्य, तेही आपल्या चुकीचं, समोर बसून बोलायचं. ग्रुपवर टाकायचं नाही. आणि जोड जमला की रोजच्या दोन गोड शब्दांचं व्हॅसलीन विसरायचं नाही.

सद्गुरू सर्वांना बुद्धी देवोत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥