पायवाटेचं देणं

पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेची कर्जत लोकल नेहमीच्या नोकरदारांची नसते. पाठीवर सॅक, पायांत जाड तळव्यांचे बूट आणि डोळ्यांत अपुरी झोप घेऊन मुंबई-ठाण्याची तरुण मुलं तिच्यात बसलेली असतात. बदलापूर मागे पडलं की दारा-खिडक्यांतून गार वारा आत शिरतो, नेरळला उजव्या हाताला माथेरानचा डोंगर ढगात बुडालेला दिसतो आणि कर्जत येईतो सह्याद्रीची अख्खी भिंत समोर उभी राहते. तिथून कुणी कोंडाण्याच्या लेण्यांकडे जातो, कुणी पेठच्या किल्ल्याकडे, कुणी खांडसहून भीमाशंकरला, तर कुणी खोपोलीची गाडी धरून खालापूरच्या डोंगरांकडे वळतो.

या मुलांचं मला मनापासून कौतुक वाटतं. सुटीच्या दिवशी अंथरूण सोडून चिखल तुडवायला निघणं ही चांगली सवय आहे आणि ती वाढायला हवी. फक्त निघताना सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीसोबत एक जाणीवही असावी. आपण ज्या वाटेनं वर चढणार आहोत, ती वाट कुणी राखली आहे?

डोंगरातली पायवाट आपोआप होत नाही आणि आपोआप टिकतही नाही. माणसांचा वावर थांबला तर एका पावसाळ्यात गवत, तेरडा आणि कारवी तिला गिळून टाकतात. ती टिकते, कारण तिच्यावरून कुणीतरी रोज चालतं. लाकूडफाट्याला, गुरांमागे, शाळेला, बाजाराला, डोक्यावर हंडा घेऊन पाण्याला. रविवारी आपण जिथे पाय ठेवतो, तिथे सोमवार ते शनिवार दुसऱ्याच कुणाचे पाय पडत असतात. कर्जत-खालापुरात ते पाय बहुतेक ठाकरांचे, कातकऱ्यांचे, महादेव कोळ्यांचे आणि धनगरांचे असतात.

ही गोष्ट फार जुनी आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाटानं देशावर जायचा, तेव्हा या घाटाच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी कोरली गेली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचं हे काम. चैत्याच्या दर्शनी भागावर लाकडी कमानी आणि जाळ्या कोरीव दगडात हुबेहूब उतरवल्या आहेत. शेजारीच ब्राह्मी अक्षरांत एक लहानसा लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक यानं हे काम केलं, एवढाच त्याचा आशय. दोन हजार वर्षांनंतरही बलकाचं नाव तिथे शोभतं, कारण त्यानं आधी काहीतरी घडवलं आणि मग नाव कोरलं. आज लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींवर टोकदार दगडानं आपली नावं ओरखडणाऱ्यांनी तिथे काय घडवलेलं असतं? आणि बलकापर्यंत ज्यांनी धान्य-पाणी पोचवलं, ज्यांच्या वावरानं ती वाट मोकळी राहिली, त्यांची नावं तर कोणत्याच दगडावर नाहीत.

लोकांनी मात्र एका वाटाड्याची आठवण जपली. बोरघाटातून रस्ता कसा न्यावा, हे इंग्रजांना उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं त्यांना वाट दाखवली, अशी आख्यायिका आहे. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना जुन्या घाटरस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ लागतं आणि येणारे-जाणारे गाडीवान आजही तिथे नाणं वाहतात. 1863 साली या घाटातून रेल्वे धावू लागली. ती बांधताना हजारो मजूर पटकीनं, तापानं, सुरुंगांच्या नि दरडींच्या अपघातांनी मेले. अभियंत्यांची आणि कंत्राटदारांची नावं दप्तरात राहिली, मजुरांची राहिली नाहीत. शिंग्रोबाच्या कथेत इतिहास किती, हा प्रश्न इतिहासकारांचा. मला तिच्यामागची न्यायबुद्धी मोलाची वाटते. ज्यानं वाट दाखवली त्याच्यापुढे क्षणभर थांबावं, हे सामान्य माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही.

डोंगरात अखेर ज्याला वाट ठाऊक, त्याचीच बाजू भारी असते. फेब्रुवारी 1661 मध्ये खालापूर तालुक्यातल्या चावणीजवळ, उंबरखिंडीत, शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला शरण आणलं. दाट रान, अरुंद खिंड, पुढे-मागे अडवलेली वाट, आणि त्या रानाचा कोपरा न् कोपरा जाणणारे मावळे. पुढे 1942 च्या लढ्यात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्यानं याच पट्ट्यात वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. रानातल्या वाड्या-पाड्यांचा आधार होता, म्हणूनच दस्ता टिकला. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. इतिहासाच्या पुस्तकात या घटना एकेका परिच्छेदात संपतात. पण त्या ज्या वाटांवर घडल्या, त्या वाटांवर आजही माणसं राहतात.

वाटेचं जे, तेच पाण्याचं. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस मुळात पूर्वेकडे वाहत भीमेला आणि तिच्यासोबत बंगालच्या उपसागराला मिळायचा. टाटांनी तो तलावांत अडवला, नळांतून घाटाखाली उतरवला आणि 1915 साली खोपोलीत त्याच्यावर वीज तयार होऊ लागली. 1922 मध्ये भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. मुंबईच्या गिरण्या आणि दिवे या पाण्यावर चालले. वीज करून झालेलं पाणी खोपोलीत पाताळगंगेला मिळतं आणि तिच्या काठच्या कारखान्यांना जगवतं. भिवपुरीचं पाणी पेज नदीतून उल्हासला जातं आणि पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतं. खालापुरातल्या धावरी नदीवरच्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबई पिते. म्हणजे रविवारच्या गाडीत बसलेल्या कितीतरी मुलांच्या बाटलीतलं पाणी याच डोंगरातून आलेलं असतं. आपण इथे एक दिवस फिरायला येतो. हा प्रदेश आपल्या घरी वर्षभर येत असतो. आणि याच डोंगरातल्या कितीतरी वाड्यांमध्ये होळीनंतर विहिरी तळाला जातात आणि बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात.

हे सारं ज्या एका ठिकाणी एकवटून आपल्यासमोर उभं राहिलं, ते ठिकाण म्हणजे इर्शाळवाडी. इर्शाळगडावरून खाली मोरब्याचं विस्तीर्ण पाणी दिसतं. गडाच्या अंगाखांद्यावर ठाकरांची ही वाडी होती. गडाच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे खडकातल्या आरपार भोकापर्यंत, चढणारे ट्रेकर तिथे टेकायचे, चहा घ्यायचे, वाडीतल्या पोरांना वाट विचारून पुढे जायचे. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसांचा ठावच लागला नाही. शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. जेसीबी वर जाऊ शकला नाही, पावसामुळे हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. जवानांनी आणि स्वयंसेवकांनी भर पावसात निसरडी चढण चढून, फावडी-टिकावांनी हातानं माती उपसली. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा त्या चढणीवरच हृदयविकारानं मृत्यू झाला.

आपल्याला ज्या पायवाटेचं अप्रूप वाटायचं, तीच वाट वाडीतल्या आजाऱ्याला, बाळंतिणीला, शाळकरी मुलाला दर दिवशी पार करावी लागत होती. आपण तिचे फोटो काढले, रस्ता नाही म्हणून ती 'अस्पर्शित' राहिली याचा आनंद मानला. रस्ता का नाही, हा प्रश्न मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी विचारला. वाचलेल्या कुटुंबांचं पुनर्वसन खाली चौकजवळ झालं. पण अशा उतारांवरच्या आणखी कितीतरी वाड्या दर पावसाळ्यात रात्री जाग्या असतात.

दुसरीकडे खाली सपाटीवर वाटा बंद होत आहेत. भातखाचरं विकली जातात, तिथे फार्महाऊस उठतं, भोवती भिंत येते आणि रानाकडे, नदीकडे, देवाकडे जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका फाटकाशी संपते. अडवलेल्या वहिवाटीसाठी 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण हातावर पोट असणारा कातकरी, जो दिवाळीनंतर वीटभट्टीवर बिऱ्हाड हलवतो, तो तारखांना कसा हजर राहणार? इथे एक परदेशी दाखला आठवतो. 1932 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरातले तरुण कामगार जमीनदारांची बंदी मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चालत गेले. काहींनी तुरुंगवास भोगला. डोंगरात मोकळेपणानं चालण्याच्या हक्काची त्या देशातली चळवळ त्यातून बळावली. ती उभी केली ती शहरातल्या, रविवारी डोंगरात जाणाऱ्या माणसांनीच. आपल्याकडे ट्रेकिंग करणारी शिकलेली, लिहिती-वाचती हजारो मुलं आहेत. वाटेवर त्यांचंही प्रेम आहे. त्या प्रेमाला थोडी जबाबदारीची जोड मिळाली, तर वाटांना वाली मिळेल.

तेव्हा कर्जत-खालापूरला जरूर जा. पेठच्या सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या चढा, कोंडाण्यात बलकाची ओळ शोधा, माथेरानच्या रस्त्यांवर चाला. वाटाड्या वाडीतलाच घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. जेवण वाडीतल्या घरी सांगा. नेरळ-कर्जत स्टेशनाबाहेर शेवळं, भारंगी, कंटोळी घेऊन बसलेल्या मावशींशी घासाघीस करू नका. ती भाजी त्यांनी पहाटे रान तुडवून आणलेली असते. धबधब्यावर किंवा धरणावर बंदी असेल, तर मुकाट्यानं मागे फिरा, कारण तुम्ही बुडालात तर शोधायला पाण्यात उतरतो तो गावातलाच कुणाचा तरी मुलगा. आणलेलं प्लास्टिक परत न्या. स्पीकर घरी ठेवा.

आणि एक काम आवर्जून करा. ज्या वाडीतून जाल, तिचं नाव विचारा. उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, आजारी माणसाला खाली कसं नेतात, वरचा कडा पावसाळ्यात धोक्याचा आहे का, हे विचारा. उत्तरं काळजी वाटावी अशी असली, तर परतल्यावर त्या वाडीच्या नावानिशी तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र लिहा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. ज्या वाटेनं आपल्याला डोंगर दाखवला, तिचं एवढं देणं आपण लागतोच.