खोपीचे विश्रामगृह

अमेरिकेच्या डोंगराळ भागात ओंडक्यांच्या जुन्या खोप्या अद्याप उभ्या आहेत. स्वीडन व फिनलंड येथील वसाहतकऱ्यांनी १६३८ नंतर डेलावेअर नदीच्या खोऱ्यात अशी घरे बांधली, आणि पुढे पश्चिमेकडे सरकणाऱ्या गरीब शेतकऱ्यांनी ती रीत उचलली. झाडे तोडायची, ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून ते एकमेकांत बसवायचे, मधल्या फटी चिखलाने लिंपायच्या. एकच खोली, एकच चूल आणि पुष्कळदा पायांखाली नुसती माती. आज शहरातले सुखवस्तू लोक अशी खोपी विकत घेऊन तिचे विश्रामगृह करतात. मोठ्या काचा येतात, गरम पाण्याचा नळ येतो, आणि भिंतीवर जुनी कुऱ्हाड शोभेसाठी टांगली जाते.

कष्टाच्या घराची अशी चैनीची जागा करणे योग्य काय?

कोणी म्हणतील, ही गरिबीची थट्टा आहे. कोणी म्हणतील, छप्पर दुरुस्त न केले तर घरच कोसळेल. त्यापेक्षा हे बरे. आम्हास दुसऱ्या म्हणण्यात अधिक तथ्य दिसते. त्या खोपीत राहणारा मनुष्य साधेपणाच्या आवडीने थंडीत कुडकुडत नव्हता. गरम पाणी मिळते तर त्याने ते आनंदाने घेतले असते. तेव्हा सुखसोय हा दोष नव्हे. दोष शिरतो तो दोन वाटांनी.

पहिली वाट लपवण्याची. ओंडक्यांच्या घरात कूज बहुधा बुडाच्या ओंडक्यापासून सुरू होते, कारण जमिनीची ओल त्यालाच प्रथम लागते. तो बदलायचा तर सारे घर टेकू देऊन उचलावे लागते. खर्च मोठा, आणि पाहुण्याच्या नजरेत काहीच भरत नाही. म्हणून कित्येक जण तो तसाच ठेवून फटींत सिमेंट भरतात व वरून चकचकीत रोगण देतात. पण लाकूड ऋतूप्रमाणे फुगते व आकसते; सिमेंट तसे करीत नाही. दोहोंमध्ये बारीक चीर पडते, पाणी आत शिरते आणि त्याला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. भिंत बाहेरून नवी दिसते आणि आतून कुजत जाते. हे वाचताना आपल्याला केवळ घरच आठवते काय?

दुसरी वाट विसरण्याची. हेन्री डेव्हिड थोरो याने १८४५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कर्डजवळ वॉल्डन तळ्याकाठी एकांतासाठी १० फूट रुंद व १५ फूट लांब घर बांधले. ते ओंडक्यांचे नव्हे, फळ्यांचे होते. त्या फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची खोपी सव्वाचार डॉलरांना विकत घेतली. त्या घरात जन्मलेले एक तान्हे मूल होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला घर रिकामे करायचे ठरले. सहा वाजता थोरोला ते कुटुंब रस्त्यात भेटले. बिछाना, आरसा, कोंबड्या, सारा संसार एका गाठोड्यात होता. मांजर तेवढी मागे राहिली व रानात गेली. मग थोरोने खोपी मोडून फळ्या तळ्याकाठी नेल्या व उन्हात वाळवल्या.

त्याने अन्याय केला काय? व्यवहार राजीखुशीचा होता, पैसे चुकते झाले होते. तरी एकाच्या एकांताचे घर दुसऱ्याच्या मोडलेल्या संसारातून उभे राहिले, ही गोष्ट उरतेच. विशेष हे की ती आपल्याला ठाऊक आहे, ती थोरोनेच ‘वॉल्डन’ या १८५४ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवली म्हणून. खिळ्यांच्या किमतीबरोबर त्याने ते गाठोडेही नोंदले. दुसऱ्या कोणी ते पान गाळले असते.

आपणही दिवाणखान्यात आजीचे जाते शोभेला मांडतो. मांडावे, पण पहाटे उठून ते ओढणाऱ्या हातांची गोष्ट मुलांना सांगतो काय? ती सांगितली तर जाते म्हणजे आठवण. न सांगितली तर नुसता दगड.

आणि विसाव्याविषयी एक शब्द. शब्बाथाची आज्ञा घरधन्यापुरती नव्हती. दास, दासी, उपरा आणि गुरेढोरे यांनाही तिने विसावा दिला. म्हणून विसाव्याचे घर बांधणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: बुडाचा ओंडका आधी बदलला काय? येथे पूर्वी कोण राहत होते? आणि हे घर राबून उभे करणाऱ्याला येथे कधी टेकता येईल काय? या तिहींची उत्तरे सरळपणे देता आली, तर काचा खुशाल मोठ्या असोत.