बाकावरचे सात

बास्केटबॉलच्या संघात बारा जण असतात, मैदानावर एका वेळी पाच. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा. पाच गुणिले चाळीस, म्हणजे २०० मिनिटं. कोचच्या हातात वाटायला असतं ते एवढंच. फुटबॉलसारखी इथे बदल्यांवर मर्यादा नाही. एकच खेळाडू दहा वेळा बाहेर येऊन दहा वेळा आत जाऊ शकतो. त्यामुळे पाचांवरच सामना ओढायचा की बाराच्या बारा जण फिरवायचे, हे नियमपुस्तक सांगत नाही. ते कोच ठरवतो.

सगळ्यांना सारखं वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला १६ मिनिटं ४० सेकंद येतात. असं सहसा कुणी वाटत नाही, आणि वाटावं असं माझंही म्हणणं नाही. पण मग कसं वाटावं? यूट्यूबवर या विषयाचे ढीगभर व्हिडिओ सापडतील. ते सगळे डावपेचांबद्दल बोलतात: दमणूक, फाउल, मॅचअप. कॉलेजच्या संघापुरता तरी मला हा न्यायाचा प्रश्न वाटतो.

मी फुलचूरला राहतो. गोंदिया शहर कुठे संपतं आणि फुलचूर कुठे सुरू होतं हे आता बघून कळत नाही. एका बाजूला प्लॉट पडलेत, दुसऱ्या बाजूला अजून धानाच्या बांध्या आहेत, आणि मधल्या एका खोलीत बसून मी पुण्यातल्या कंपनीसाठी कोड लिहितो. संध्याकाळी गोंदियाला खेळायला जातो. तिथे येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांपैकी एकाने मागच्या पावसाळ्यात विचारलं, "भाऊ, सर मले उतरवतच नाही. दोन वर्षं झाले. सोडून देऊ का?" तो संघात अकरावा आहे. पहाटे साडेपाचला प्रॅक्टिसला हजर असतो. प्रॅक्टिसमध्ये करतोस काय, असं मी विचारलं. म्हणाला, "मेन फाइव्हच्या अगेन्स्ट खेळतो."

या एका उत्तरात मला सगळी मेख सापडली. पाच जणांना सामन्यासाठी तयार करायचं तर समोर पाच जण लागतात. म्हणजे सरावाला किमान दहा हवेत, आणि कुणी आजारी पडतं, कुणाची सबमिशन असते, म्हणून बारा. बाकावरच्या मुलांशिवाय पहिले पाच घडूच शकत नाहीत. त्यांच्या अंगावर रोज डावपेच घासून बघितले जातात. सामन्याच्या दिवशी मात्र ते पाण्याच्या बाटल्या सांभाळतात.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने अठराव्या शतकात बजावून ठेवलं की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. यातला 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा. आपण सगळेच एकमेकांचे साधन होतो. दूधवाला माझं, मी कंपनीचं. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा समोरच्याचा स्वतःचा काही हेतू आहे हेच आपण हिशेबात धरत नाही. अकरावा मुलगा पहाटे उठतो तो खेळायला मिळावं म्हणून. पहिल्या पाचांचा सराव व्हावा म्हणून कुणी गजर लावत नाही.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढपी शेवटी जेवतात. वरण पातळ झालेलं असतं, पापड सादळलेले असतात. तरी त्यात अन्याय झाला असं कुणाला वाटत नाही, कारण त्यांची पंगत बसणार हे पक्कं असतं. आचारी जिलेबी बाजूला काढून ठेवतो. शेवटची पंगत बसणारच नसेल, तर वाढायला कोण उभं राहील? कॉलेजच्या संघात मात्र पोरं उभी राहतात, वर्षानुवर्षं, कारण 'पुढच्या वर्षी बघू' असं कुणीतरी म्हटलेलं असतं.

आमच्या धंद्यातही 'बेंच' आहे. आयटीतल्या लोकांना सांगायला नको. प्रोजेक्ट नसलेला इंजिनिअर बेंचवर असतो. टीसीएसने जून २०२५ मध्ये नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस क्लायंटला बिल लावता येईल असं काम हवं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नको. त्यावर बरीच आरडाओरड झाली. मीही नोकरीच्या सुरुवातीला अडीच महिने बेंचवर होतो, आणि ते दिवस काही सुखाचे नव्हते: रोज लॅपटॉप उघडायचा, कुठलातरी कोर्स करायचा, दुपारी कँटीनमध्ये कुणी 'काय चाललंय' विचारलं की विषय बदलायचा. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. कंपनी बेंचवरच्या माणसाला पगार देते. त्याला बसवून ठेवणं तिला महागात पडतं, म्हणून ती त्याचा निर्णय लावते, निष्ठुरपणे का होईना. कॉलेजच्या कोचला बाकावरचा मुलगा फुकट पडतो. म्हणून निर्णय कधीच लागत नाही.

मी स्वतः कॉलेजच्या संघात नववा होतो. (नववा म्हणजे ज्याला जर्सी बरोबर मापाची मिळते, पण फोटोत अर्धा खांदा येतो.) आमचे सर वाईट नव्हते. आम्ही वीसेक पॉइंटने पुढे असलो आणि शेवटची दोन मिनिटं उरली की ते बाकाकडे वळून सगळ्यांना उठवायचे. बास्केटबॉलमध्ये याला गार्बेज टाइम म्हणतात, कचऱ्याची वेळ. नाव अगदी चपखल आहे. त्या दोन मिनिटांत आपण चुकलो तरी काही बिघडत नाही, आणि म्हणूनच आपण बरोबर खेळलो तरी काही घडत नाही. सर दया म्हणून देत होते. आम्हाला हवा होता भरवसा. भरवसा टाकायचा तर हरण्याची शक्यता असताना टाकावा लागतो. दुसऱ्या क्वार्टरला स्कोअर १८-१७ असताना मिळालेली तीन मिनिटं आणि शेवटी मिळालेली तीन मिनिटं घड्याळात सारखी असतात, पण त्यांची किंमत एक नाही.

आता फायद्याच्या बाजूने बघू. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: जो राखीव सर्व्हर कधी चालवूनच बघितला नाही, तो ऐन वेळी चालेलच असं नाही. नेटफ्लिक्सने यासाठी केओस मंकी नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. कामाच्या वेळेत ते मुद्दाम, कुठलाही अंदाज न देता, चालते सर्व्हर बंद पाडतं, म्हणजे बाकीच्यांना भार उचलायची सवय राहते. बास्केटबॉलमध्ये हे काम फाउल करतात. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू सामन्यातून बाद. तुमचा सगळ्यात उंच मुलगा चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला पाचवा फाउल करतो, आणि तुम्ही दोन वर्षं बसवून ठेवलेल्याकडे बघता. तो उठतो, त्याचे पाय थंड असतात, त्याच्या हातात चेंडू येतो आणि तो घाईने पास देऊन मोकळा होतो. मग सगळे म्हणतात, बघा, म्हणूनच याला उतरवत नव्हते.

आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. धानाचे पऱ्हे साधारण तीन आठवड्यांचे झाले की रोवणी करायची. रोवणीनंतर मेलेल्या चुडांच्या जागी लावायला थोडे पऱ्हे राखून ठेवतात. पण ते राखीव पऱ्हे जास्त दिवस तसेच उभे राहिले की निबर होतात. नंतर बांधीत लावले तरी त्यांना फुटवे कमी येतात. पऱ्ह्यांत खोट नसते. त्यांना उशीर झालेला असतो.

मग बाराच्या बारा फिरवावेत का? अमेरिकेतल्या कॉलेजांनी हेही करून पाहिलंय. आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजचे कोच डेव्हिड आर्सेनो यांनी पाच-पाच जणांच्या तुकड्या करून मिनिट-दीड मिनिटाला अख्खी तुकडी बदलायला सुरुवात केली. सतत पळायचं, सतत थ्री-पॉइंटर मारायचे, आणि भरपूर पोरांना खेळायला मिळायचं. आता गंमत बघा: २० नोव्हेंबर २०१२ ला याच ग्रिनेलच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ पॉइंट केले. त्यासाठी त्याने बास्केटवर १०८ वेळा चेंडू फेकला. सगळ्यांना संधी देणाऱ्या पद्धतीतून जगभर गाजला तो एकाच मुलाचा विक्रम. बाकीचे त्या रात्री मैदानावर होते, पण खेळात किती होते हे तुम्हीच ठरवा.

दुसरं उदाहरण केंटकी विद्यापीठाचं. २०१४-१५ मध्ये कोच जॉन कॅलिपारी यांच्याकडे इतके चांगले खेळाडू होते की त्यांनी पाच-पाचांच्या दोन तुकड्याच केल्या. डिसेंबरात एक खेळाडू जखमी झाला आणि ही घडी थोडी विस्कटली, तरी त्या मोसमात एकालाही सरासरी तीस मिनिटं मिळाली नाहीत. संघ सलग ३८ सामने जिंकला आणि उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून ६४-७१ असा हरला. याचा अर्थ कुणी 'बघा, शेवटी हरलेच' असा लावतं, कुणी '३८ जिंकले की' असा. मला त्यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं की वाटून खेळणं आणि जिंकणं यांचं हाडवैर नाही.

पण आपली अडचण वेगळी आहे आणि ती खरी आहे. त्यांच्याकडे नोव्हेंबर ते मार्च तीसेक सामने होतात. एखादा हरला तरी पुढचा असतो. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या आणि चार-पाच दिवसांत उरकलेल्या. एक सामना हरला की बाराही जणांचं वर्ष संपलं. अशा वेळी बाराव्याला सात मिनिटं देणारा कोच पहिल्याचंही वर्ष पणाला लावतो, आणि त्या पहिल्यानेही घाम गाळलेलाच असतो. त्याचा हक्क खोटा कसा म्हणायचा? एक मात्र आहे: अशा स्पर्धेत कधीकधी एका दिवशी दोन सामने येतात, आणि सकाळी चाळीस मिनिटं पळालेले पाय संध्याकाळी उचलत नाहीत.

म्हणून मी आकडेमोड केली. पहिल्या पाचांना ३२-३२ मिनिटं दिली तर ४० उरतात. ती सात जणांत वाटली तर प्रत्येकाला सहासुद्धा येत नाहीत. अंग गरम व्हायच्या आत बाहेर. पाचांना २८-२८ दिली तर ६० उरतात, आणि चौघांना पंधरा-पंधरा मिनिटं येतात. पंधरा मिनिटांत माणूस चुकू शकतो, सावरू शकतो, सामना फिरवूही शकतो. पाचांकडून प्रत्येकी चारच मिनिटं काढलीत, तीही दम खायला उपयोगी. माझं उत्तर नऊ आहे. सातपेक्षा कमी म्हणजे भित्रेपणा, दहापेक्षा जास्त म्हणजे सगळ्यांना खूश ठेवण्याचा खेळ. (मी नववा होतो हा योगायोग नाही असं कुणी म्हणेल. म्हणू दे.)

उरलेल्या तिघांचं काय? जॉन रॉल्सने १९७१ च्या त्याच्या ग्रंथात एक युक्ती सुचवली आहे: आपण समाजात कुठल्या जागी असू हे माहीत नाही असं समजून नियम ठरवा. मी पहिला असेन की बारावा हे ठाऊक नसताना मला विचारलंत, तर मी सारखी मिनिटं मागणार नाही, कारण मला जिंकायचंही आहे. मी एवढंच मागेन की माझा नंबर मला मोसमाच्या सुरुवातीला, तोंडावर सांगा. 'तू बारावा आहेस, यंदा स्पर्धेत उतरशील असं वाटत नाही, सरावाला मात्र आम्हाला तुझी गरज आहे, येशील का?' हे ऐकायला कडू आहे. पण यात मुलाला नाही म्हणायची मोकळीक आहे. 'बघू' या शब्दात ती नसते.

आणि त्याला खेळायला दुसरं मैदान हवं. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांच्या काळात बिशनसिंग बेदी होते. हळहळ आजही वाटते. पण शिवलकर बाकावर बसून म्हातारे झाले नाहीत. मुंबईसाठी वर्षानुवर्षं गोलंदाजी करत राहिले. अकराव्या मुलाला त्याची मुंबई कुठे आहे?

खो-खोत हा पेच निम्मा तरी सोडवलेला दिसतो. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात, त्यातले आठ चौकात बसलेले. पण बसलेला माणूस खेळाच्या आत असतो. पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकू आला की उठायचं आणि पळायचं. कुणाला कधी उठावं लागेल सांगता येत नाही, म्हणून आठही जण टाचा उचलून बसतात. बचावाला तिघा-तिघांच्या तुकड्या ठरलेल्या क्रमाने उतरतात. राखीव तिथेही असतात, पण 'बसणं' म्हणजे 'खेळात नसणं' असं समीकरण त्या खेळाने होऊ दिलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

बास्केटबॉलचे नियम आपण बदलू शकत नाही. सामने मात्र वाढवू शकतो. गोंदियाहून बालाघाट रेल्वेने चाळीसेक किलोमीटर आहे, तिरोडा त्याहूनही जवळ. प्रत्येक कॉलेजच्या सहाव्यापासून बाराव्यापर्यंतच्या मुलांचे सामने, महिन्यातून एका रविवारी, पहिल्या पाचांना मज्जाव. ते पाच त्या दिवशी शिट्टी वाजवतील, स्कोअर लिहितील आणि पाण्याच्या बाटल्या भरतील. खर्च पॅसेंजरच्या तिकिटांचा आणि दुपारच्या पोह्यांचा.