लक्ष ठेवणे आणि लक्ष देणे



आपल्या भाषेत ‘लक्ष’ या एका शब्दाला दोन क्रियापदे जोडली जातात. चुलीवरच्या दुधावर आपण लक्ष ठेवतो, आणि घरातल्या आजाऱ्याकडे लक्ष देतो. लक्ष ठेवणाऱ्याला लांब उभे राहिले तरी चालते. लक्ष देणाऱ्याला मात्र जवळ जावे लागते, कधी रात्र जागून काढावी लागते. मनाच्या आजारावर मोबाइलच्या साहाय्याने नजर ठेवण्याची जी नवी साधने आज तयार होत आहेत, त्यांचा विचार करताना हा भेद आमच्या मनातून जात नाही.

या साधनांची रीत थोडक्यात अशी. आपल्या खिशातल्या फोनला आपण किती चाललो, कुठे गेलो, रात्री किती वाजता पडदा पेटला, कितीजणांना फोन केले, अक्षरे किती वेगाने टाइप केली हे सगळे कळत असते. एखाद्याचे नेहमीचे वागणे काही आठवडे नोंदवले की त्यातला बदल यंत्राला ओळखता येतो. माणूस घराबाहेर पडेनासा झाला, झोप मोडली, बोलणे आटले, तर ती नैराश्याची खूण असू शकते. अमेरिकेत माइंडस्ट्राँग नावाच्या कंपनीने बोटांच्या टाइप करण्यावरून मनाची नाडी पाहण्याचा मोठा घाट घातला होता. ती कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. पण संशोधन थांबलेले नाही. आपल्याकडे ‘संगथ’ संस्थेचे भोपाळ केंद्र आणि बेंगळुरूची ‘निमहान्स’ यांनी बोस्टनच्या डॉक्टरांबरोबर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी असे ॲप वापरून पाहिले आहे. रुग्णाला विचारून, त्याच्या संमतीने.

आता हे यंत्र आपल्या वर्धा जिल्ह्यात आणून पाहा. रब्बीच्या दिवसांत शेताला वीज रात्री मिळते, म्हणून शेतकरी रात्री दोन वाजता उठून मोटर सुरू करायला जातो. फोन म्हणेल, याची झोप उडाली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारभर कोणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. फोन म्हणेल, याने लोकांत मिसळणे सोडले. घरात एकच फोन, तो सकाळी बापाकडे, दुपारी आईकडे, संध्याकाळी अभ्यासाच्या नावाखाली मुलाकडे. यंत्राने कोणाच्या मनाची नाडी धरली म्हणायची? (आमचे सिंदी मेघे आणि पलीकडच्या सेलू तालुक्यातले सिंदी रेल्वे यांत टपाल खात्याचीसुद्धा कधीकधी गल्लत होते, मग यंत्राचे काय!) या चुका सुधारता येण्याजोग्या आहेत, हे आम्ही मान्य करतो. पण त्या सुधारायच्या तर साधन घडवणाऱ्याला आधी आपल्या बांधावर येऊन बसावे लागेल.

या तंत्राला सरसकट वाईट म्हणायला आम्ही तयार नाही. जानेवारी २०२१ मध्ये धुळ्यातील एक तरुण फेसबुकवर सर्वांदेखत जीव द्यायला निघाला होता. ते आयर्लंडमधल्या फेसबुकच्या कर्मचाऱ्यांनी पाहिले, मुंबईच्या सायबर पोलिसांना कळवले, मुंबईहून धुळ्याला निरोप गेला आणि पोलीस वेळेत त्याच्या घरी पोचले. तो वाचला. हजारो मैलांवरच्या माणसाने पाहिले म्हणून एका आईचे लेकरू वाचले, यापुढे खासगीपणाची शुष्क चर्चा करणे आम्हाला जमणार नाही. मात्र त्या साखळीचा शेवटचा दुवा पाहा. त्याच्या घरी पोचलेले पोलीस धुळ्याचेच होते. ते नसते तर आयर्लंडला कळून काय उपयोग होता?

इथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो असे आम्हास वाटते. दुसऱ्याचे दुःख कळणे ही साधी माहिती नाही. कळले त्या क्षणी कळलेल्यावर एक ऋण चढते. ज्याला ते फेडायचे नाही, त्याला जाणून घेण्याचा अधिकार कोणी दिला?

विदर्भाला याचा अनुभव आहे. २००६ मध्ये शासनाने वर्ध्यासह सहा जिल्ह्यांतील सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली. कर्ज किती, घरात आजारी कोण, लग्नाच्या मुली किती, सारे विचारले. सुमारे तीनचतुर्थांश कुटुंबे कमी-अधिक संकटात असल्याचे दिसले. मोबाइल नव्हता, कागद होता. तरी कोणाच्या घरात काय चालले आहे हे सरकारला गावनिहाय कळले होते. आत्महत्या मात्र त्यानंतरही होत राहिल्या. आणि ज्या घरात ती घडली, त्या घराच्या वाट्याला चौकशीअंती ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा आला. नवऱ्याच्या मरणावर ‘अपात्र’ असा शिक्का बसलेल्या बाईला विचारा, नोंद होणे म्हणजे काय असते ते.

साधन घडवणाऱ्यांनाही हे उमगले आहे. बेंगळुरूच्या ‘वायसा’ या ॲपमागच्या मंडळींनी सुरुवातीला फोनच्या हालचालींवरून नैराश्य ओळखण्याचाच प्रयत्न केला होता. ओळखता येते, पण तुम्हाला नैराश्य आहे असे सांगितल्याने माणूस उपचाराला जात नाही, हे त्यांना दिसले आणि त्यांनी नुसते ओळखण्याऐवजी माणसाशी संवाद करणारे साधन बनवले. तो संवाद यंत्राचा आहे, हा पुन्हा वेगळा विषय.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. कळले ते कोणाला कळावे? आमच्या वर्ध्याच्या आसपास मोठमोठी महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत. सावंगीला, सेवाग्रामला बाहेरगावची मुले शिकायला येतात. उद्या एखाद्या महाविद्यालयाने म्हटले की प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये असे ॲप असेल आणि कोणाचे मन खचले याची यादी प्राचार्यांच्या टेबलावर येईल, तर? हेतू चांगलाच असेल. पण त्याच टेबलावर हजेरी, परीक्षा, शिस्त आणि शिफारसपत्रे यांचेही निर्णय होतात.

या बाबतीत ख्रिस्तसभेच्या कायद्यात एक जुने शहाणपण आहे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने उघड करायचे नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण १९८३ च्या कॅनन लॉमध्ये त्याहून पुढचे नियम आहेत. नियम ९८४ सांगतो की, गुपित फुटण्याचा धोका नसला तरी त्या माहितीचा त्या माणसाला जाच होईल असा वापर करायचा नाही. आणि अधिकारपदावर असलेल्याने ती कारभारासाठी मुळीच वापरायची नाही. नियम ९८५ तर म्हणतो की सेमिनरीच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने त्याच घरात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये. एखाद्याने आपणहून मागितले तरच ऐकावे. किती बारकाईने विचार केला आहे! ज्याच्या हाती माझे भवितव्य आहे, त्याच्या हाती माझे अंतःकरण असू नये. ॲपची रचना करणाऱ्याने हे दोन नियम कार्यालयात डोळ्यांसमोर लावून ठेवावेत. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

इंग्लंडमधल्या समॅरिटन्स या संस्थेचे उदाहरण बोलके आहे. आत्महत्या रोखण्याच्या कामात अनेक दशके घालवलेली ही संस्था. २०१४ मध्ये तिने ‘रडार’ नावाचे साधन काढले. तुमच्या ओळखीच्या माणसाने ट्विटरवर निराशेचे काही लिहिले तर तुम्हाला ईमेल येई. ज्याच्यावर नजर होती त्याला मात्र कोणी विचारले नव्हते. आणि ईमेल मिळणारा त्याचा हितचिंतकच असेल, असे थोडेच आहे? त्याचा पिच्छा पुरवणाराही असू शकतो. ज्यांच्यासाठी हे साधन काढले त्या मनोरुग्णांनीच त्यावर आक्षेप घेतला आणि थोड्याच दिवसांत ते मागे घ्यावे लागले.

आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यांत रुग्णालये व शिक्षणसंस्था यांना काही सवलती आहेत आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. आधी समुपदेशक, मग यंत्र, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. तुमची मुले शिकतात तेथे तो समुपदेशक आहे का, हे पालक म्हणून तुम्ही जाऊन विचारू शकता.

मध्यंतरी मिस्सेनंतर एक आई थांबली. मुलगा बाहेरगावी शिकतो, फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. “फादर, त्याच्या मोबाइलमध्ये असं काही टाकून देऊ का? त्याला कळणार नाही.” आम्ही विचारले, “आणि कळलं तर?” ती गप्प झाली. सेमिनरीत असताना आम्ही गाब्रिएल मार्सेल हा फ्रेंच तत्त्वज्ञ वाचला होता. तो समस्या आणि गूढ यांत भेद करतो. समस्या माझ्यासमोर, माझ्याबाहेर असते. गूढात मी स्वतःच गुंतलेला असतो. मुलाचे मौन ही त्या आईने बाहेरून मोजायची वस्तू नाही, कारण त्या मौनात ती आहे, बाप आहे, बारावीच्या निकालाच्या रात्रीचे बोलणे आहे. चोरून पाहिले तर मौन का आहे हे कळायचे नाहीच, उलट ते अधिक घट्ट व्हायचे. त्याच आठवड्यात ती बस धरून त्याला भेटायला गेली. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलायचे, धीर द्यायचा, गरज पडल्यास डॉक्टरकडे पोचवायचे. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीसाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण आधी शेकडा ४.३ होते, प्रकल्पानंतर ते २७.२ झाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो. शेकडा सत्तावीस म्हणजे फार नव्हे. पण ही वाढ ओट्यावर बसून केलेल्या वास्तपुस्तीची आहे. अशा कार्यकर्तीच्या हातात फोन दिला, आज कोणत्या घरी आधी जावे हे तिला सुचवले, आणि त्या घरच्यांना ते माहीत असले, तर अशा साधनाचे आम्ही स्वागत करू.

आमच्या ओळखीचा एक तरुण इंजिनिअर पुण्यात असेच एक साधन तयार करीत आहे. मागे घरी आला होता तेव्हा त्याने लॅपटॉपवर सारे दाखवले. रंगीत आलेख, लाल-पिवळे इशारे. काम मनापासून केलेले होते. आम्ही एवढेच विचारले की लाल इशारा रात्री दोन वाजता आला तर तो कोणाकडे जातो? त्याने एक चौकट उघडून दाखवली. ‘जबाबदार व्यक्ती’ असे तिच्यावर लिहिले होते आणि खाली नाव भरायची जागा रिकामी होती. तोवर निदान शासनाच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक तिथे घाल, असे आम्ही सुचवले. २०२२ पासून तो चालू आहे, दिवसरात्र, मराठीतही, विनामूल्य. त्याने तो लगेच टाइप केला. नावाची जागा मात्र त्याने तशीच ठेवली, म्हणाला, “फादर, इथे नंबर चालणार नाही, माणूसच शोधावा लागेल.”