दरवाजे उघडणारा हात

संकट एकदा येऊन गेले की मनुष्य निःशंक होतो. पण गेलेले संकटच परत फिरले तर? ऑक्टोबर २००९ मध्ये फिलिपाईन्सच्या लुझॉन बेटाने हे अनुभवले. पार्मा नावाचे चक्रीवादळ (तेथील वेधशाळेने त्यास पेपेंग म्हटले) ३ तारखेस बेटाचा ईशान्य कोपरा ओलांडून समुद्रात गेले. तेवढ्यात पूर्वेकडून मेलोर हे दुसरे वादळ आले आणि जपानी शास्त्रज्ञ फुजिव्हारा यांनी वर्णिल्याप्रमाणे दोन्ही भोवरे एकमेकांस खेचू लागले. पार्मा थबकले, मागे वळले आणि काही दिवस त्याच बेटावर घुटमळत राहिले.

बागियोच्या आसपास डोंगर खचले. एकूण ४०० हून अधिक माणसे मेली. परंतु लोकांचा राग विशेषतः उसळला तो पांगासिनान प्रांतातील पुरावर. कारण तेथे अ‍ॅग्नो नदीवर सान रोक धरण आहे आणि त्याचे दरवाजे माणसाने उघडले होते.

त्या घटकेस दुसरा मार्ग नव्हता, असे मला वाटते. मातीचे धरण फुटणे म्हणजे काय, हे पुण्याने १९६१ मध्ये पाहिले आहे. प्रश्न आधीच्या दिवसांचा आहे. वादळ 'गेले' असे वाटत असताना पाणी थोडे थोडे का सोडले नाही, असे नंतर विचारले गेले. मात्र ते सोडले असते आणि वादळ परतले नसते, तर सिंचन व वीज वाया घालवल्याबद्दल त्याच अधिकाऱ्यास जाब द्यावा लागला असता. शासनसेवेत मी हेच पाहिले: केलेल्या कृतीवर टिपणी होते, न केलेल्या कृतीची फाइलच उघडत नाही. अकर्मातही कर्म पाहावे, हे गीतेचे सांगणे कचेरीत कोणी मनावर घेत नाही.

तरी दोन्ही चुका मी समान मानीत नाही. वाया गेलेले पाणी पुढच्या पावसाळ्यात भरून येते; बुडालेले माणूस येत नाही. तेव्हा धरण आधीच रिते करण्याकडे कल असावा. मात्र त्या हंगामाचा तोटा कोणी सोसायचा, वीज वापरणाऱ्या शहराने की कालव्यावरच्या शेतकऱ्याने, हे धरण बांधतानाच ठरवून ठेवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.