मऊ गिअर

मामींना गाडी ओरडत चढली की बरं वाटायचं. भाच्याला गाडी गप्प हवी असायची. एरवी या मतभेदाची कुणी दखल घेतली नसती. पण तो उपटला मोहावीच्या वाळवंटात, जुलै महिन्यात, मागे सामानाचा ट्रेलर असताना.

गाडी मामांची. १९८७ ची शेवरले सबर्बन, ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, चार गिअरांची ऑटोमॅटिक. मामा कोल्हापूरहून लॉस एंजेलिसला गेले आणि लेथवर काम करून निवृत्त झाले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची पातेली, सतरंज्या, नाटकाचं नेपथ्य, सगळं याच गाडीनं ओढलं. मामा गेल्यावर दोन वर्षं मामीच ती चालवत होत्या. मग भाच्याला लास व्हेगासला नोकरी लागली, तेव्हा गाडी जेमतेम बारा वर्षांची होती. मामींनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "पहिल्या खेपेला मी बरोबर येणार."

गाडी ताब्यात आल्यावर भाच्याला एकच गोष्ट खटकली. गिअर पडताना खट् करून झटका बसायचा. एका मित्रानं उपाय सांगितला. इंजिनाजवळ थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी एक बारीक केबल असते. ती जरा सैल कर, गिअर मऊ पडतील. भाच्यानं केली. गिअर खरंच मऊ पडू लागले, कधी पडला तेही कळेना. तो खूश झाला. मामींना मात्र त्यानं हे सांगितलं नाही.

ती केबल काय करते हे मित्राला ठाऊक नव्हतं. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, म्हणजे गाडीवर ओझं किती आहे, याची खबर ती गिअरबॉक्सला देते. त्या हिशेबानं आत तेलाचा दाब वाढतो आणि त्या दाबावर क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. केबल सैल असली की गिअरबॉक्सला वाटतं, स्वारी फेरफटका मारायला निघाली आहे. दाब कमी राहतो. प्लेटा पकडण्याआधी घसरतात, आणि हे घसरणं सीटवर बसलेल्या माणसाला मऊपणा म्हणून जाणवतं. तिकडे प्लेटांचं अस्तर झिजत असतं.

दुसरी गोष्ट ओव्हरड्राइव्हची. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेनं १९७५ साली मोटारींच्या इंधनखपतीवर कायदा केला, आणि थोड्याच वर्षांत तिथल्या ऑटोमॅटिक गाड्यांना ओव्हरड्राइव्हचा चौथा गिअर आला. जनरल मोटर्सचा ७००-आर-४ हा गिअरबॉक्स १९८२ चा. त्याच्या चौथ्या गिअरचं प्रमाण ०.७०, म्हणजे तिसऱ्यात इंजिन जिथे शंभर फेरे घेईल तिथे चौथ्यात सत्तर. सपाट रस्त्यावर याच्याइतकी चांगली सोय नाही. पेट्रोल वाचतं आणि गाडीत गप्पा मारता येतात. चढावर, मागे ओझं असताना, हाच गिअर अवघड होतो. इंजिनाला तो पेलत नाही. मग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरचं कुलूप सुटतं, आणि ताकद लोखंडातून न जाता तेल घुसळून पुढे जाते. घुसळलं की तेल तापणारच. त्यात भर म्हणजे गाडी चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात अशी चाचपडत राहते, आणि प्रत्येक बदलाला प्लेटा थोड्या थोड्या घासतात.

लास व्हेगासच्या वाटेवर, मोहावीतल्या बेकर गावात त्यांनी पेट्रोल भरलं. तिथे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर आहे. शेजारच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस, नोंदलं गेलं, त्याची ही आठवण. (आपल्याकडे उन्हाला शिव्या देतात, इथे त्याचं स्मारक उभारलं आहे.) बेकर सोडलं की महामार्ग १५ सुमारे १७ मैलांत तीन हजार फूट चढतो. दिसायला घाट वाटत नाही, कारण रस्ता रुंद आणि जवळजवळ सरळ आहे. म्हणूनच तो फसवतो. कडेला पाट्या आहेत: इंजिन तापू नये म्हणून एसी बंद ठेवा.

मामींनी एसी बंद केला, काच खाली केली आणि म्हणाल्या, "आता साध्या डीवर घे, तिसऱ्यात."

"मामी, ओव्हरड्राइव्हमध्ये चाललीय की छान."

"छान कुठं? दर मिनिटाला गिअर बदलतीय. तिला काय करावं ते कळेना झालंय."

"तिसऱ्यात इंजिन बोंबलेल हो."

"बोंबलू दे की. तुझे मामा इथं ट्रकांच्या रांगेत ४५ मैलांच्या वेगानं जायचे. मागचे हॉर्न मारायचे, हे गाणी म्हणायचे."

भाच्यानं डॅशबोर्डवरच्या सुईकडे बोट दाखवलं. सुई निम्म्याच्या जरा वर, तांबड्या पट्ट्यापासून लांब. मामी गप्प बसल्या. सुई खोटं बोलत नव्हती, पण ती इंजिनाच्या पाण्याची होती. गिअरबॉक्सच्या तेलाला या गाडीत सुईच नव्हती. ते तेल रेडिएटरच्या एका टाकीतून फिरून पाण्याच्या आधारानं थंड होतं. पाणीच तापलेलं असलं तर त्याला गारवा कुठून मिळणार? मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशेब असा, की तेल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असावं, आणि त्यापुढे दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. ११५ च्या सुमाराला ते आत चिकट थर धरू लागतं, १३० ला सीलं कडक होतात, दीडशेला क्लचच्या प्लेटा धरणं सोडतात.

माथा मैल-दोन मैलांवर असताना इंजिन एकदम भरधाव फिरलं आणि गाडी मात्र ओढेना. करपल्याचा वास आला. मागे धूर दिसला. तापून फेसाळलेलं तेल बाहेर येऊन गरम सायलेन्सर पाइपवर पडत होतं. भाच्यानं गाडी कडेला घेतली आणि किल्लीकडे हात नेला. मामींनी त्याचं मनगट धरलं.

"बंद करू नकोस. पार्कमध्ये टाक. आग दिसतीय का ते बघ आधी."

आग नव्हती. धूरही विरत होता.

"बंद करू नको कसं? तापलीय ती!"

"तेल तापलंय, पाणी नाही. इंजिन बंद केलंस तर तेलाचा पंपही बंद पडणार. मग ते तापलेलं तेल आहे तिथंच बसणार. पाय ठेव अ‍ॅक्सिलरेटरवर, हलका. फिरू दे."

वीसेक मिनिटं गाडी उभ्या उभ्या घुमत राहिली. मामींनी बॉनेट उघडलं, चालू इंजिनातच डिपस्टिक काढली आणि पांढऱ्या पेपर नॅपकिनवर पुसली. लालभडक असायला हवं ते तेल चहाच्या रंगाचं झालं होतं. मग इंजिन बंद करायला सांगून त्या वाकल्या आणि थ्रॉटलजवळ बराच वेळ बघत राहिल्या.

"केबलला कुणी हात लावला?"

भाच्यानं सांगितलं. झटके बसायचे, म्हणून.

मामी रागावल्या नाहीत, आणि ते त्याला जास्त लागलं. त्यांनी केबलच्या डोक्यावरची चाप दाबून सरकती नळी मागे नेली, चाप सोडली आणि त्याला म्हणाल्या, "पेडल तळापर्यंत दाब." आतून कट्-कट्-कट् आवाज आला आणि केबल आपल्या जागी ताणून बसली. इतकंच काम. मामांनी हे त्यांना एकदा मंडळाच्या पार्किंगमध्ये दाखवलं होतं, बटाटेवड्यांचा घाणा चालू असताना.

पुढचे जवळजवळ ऐंशी मैल त्यांनी लिव्हर दुसऱ्यावर ठेवून, ताशी ४० मैलांच्या वर न जाता काढले. तिसरा गिअर आता धरतच नव्हता. वाटेत आणखी एक चढ होता, ४,७०० फुटांवरचा माउंटन पास. इंजिन दोन तासांहून जास्त वेळ एकसारखं ओरडत होतं. ट्रकवालेसुद्धा ओलांडून जात होते. त्या ओरड्यात मामी गाढ झोपल्या.

लास व्हेगासच्या गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सची खालची परात उतरवली. तळाशी काळा गाळ होता, क्लचच्या अस्तराचा. तिसऱ्या-चौथ्याच्या प्लेटा जळल्या होत्या. गिअरबॉक्स खोलून नव्यानं बांधावा लागला आणि भाच्याचा पहिला पगार त्यातच गेला. रेडिएटरपुढे तेलासाठी वेगळा कूलरही बसवला. मामाही तो बसवायचा म्हणत होते, म्हणे, राहून गेला.

गाडी परत देताना गॅरेजवाल्यानं बजावलं, "शिफ्ट जरा कडक लागतील. मुद्दाम तशा ठेवल्यात."

"असू देत," भाचा म्हणाला. त्यानं तेलाच्या तापमानाचा एक मीटरही विकत घेतला होता. तो डॅशबोर्डच्या मधोमध लावावा असं त्याच्या मनात होतं. पण तिथे मामांनी चिकटवलेला गणपती होता.

"त्याला हलवायचं नाही," मामी म्हणाल्या. "मीटर खाली लाव. तुला बघायचाय ना, मग तूच वाक."